जिंकले, जिंकली नव्हे

रविवार, १ फेब्रुवारी. सकाळ.

वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर वल्लरीचे छायाचित्र. माझी नात, वय एकोणीस. महिलांच्या आशियाई सांघिक टेनिस स्पर्धेसाठी भारतीय संघात तिची निवड झाली आहे, आणि स्पर्धा आपल्याच बालेवाडीत आहे. मथळा शुद्ध. खालचे वाक्य मात्र असे : 'तिच्या यशात तिच्या पालकांचा व तिच्या प्रशिक्षकांचा मोठा वाटा आहे.' एका वाक्यात 'तिच्या' तीनदा आणि आजोबा एकदाही नाहीत. पहिला दोष शैलीचा, दुसरा वस्तुस्थितीचा. संपादकांना दोन्ही कळवले.

या मुलीला रोज पहाटे बिबवेवाडीतून स्कूटरवर कोर्टवर कोणी नेले? तिचा सराव संपेपर्यंत कठड्यावर बसून कोणी वह्या तपासल्या? रॅकेट हातात कशी धरावी हे तिच्या प्रशिक्षकाने, उत्तरेश्वरने, शिकवले असेल. पण शिस्त ही व्याकरणातून येते, आणि व्याकरण मी चौतीस वर्षे शिकवले आहे. टेनिस हा मुळात व्याकरणाचाच खेळ आहे. रेषेच्या आत ते शुद्ध, रेषेबाहेर ते अशुद्ध. मधले काही नाही.

हे सौ. प्रेमलाला वाचून दाखवले. प्रेमला मेथी निवडत होती. अहो, मग जाळ्याला लागून पलीकडे पडतो तो चेंडू कशात धरायचा, असे तिने मान वर न करता विचारले. प्रत्येक नियमाला अपवाद असतो, एवढेच सांगितले. मेथी निवडणाऱ्या माणसाशी अधिक वाद घालू नये.

संकल्प : स्पर्धा संपेपर्यंत रागावणार नाही. डॉक्टरांनीही रक्तदाबाबद्दल तेच सुचवले आहे. ('बीपी कंट्रोल करायला पाहिजेल' असे ते म्हणाले. 'पाहिजेल'! एम.डी. आहेत.)

त्याच दिवशी, संध्याकाळ.

वल्लरी संघाच्या हॉटेलवर गेली. दारात वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, आबा, मी चालली.

चालली.

प्रथमपुरुषी एकवचनी स्त्रीलिंगी रूप 'चालले' असे होते. मी चालले, मी आले, मी पडले. मुलगी आठ वर्षांची असताना कोर्टवर पडली, गुडघा फुटला, आणि रडत माझ्याकडे येऊन 'आबा, मी पडली' म्हणाली. मी आयोडीनची बाटली हातात धरून थांबलो. 'पडले' म्हणाल्यावरच कापूस लावला. त्याचा आजही पश्चात्ताप नाही. जखम आठवड्याने भरते. क्रियापद भरत नाही. भरलेच नाही, हे आज सिद्ध झाले.

दारातच तिला सुधारले. विक्रम (चिरंजीव) गाडीची किल्ली फिरवत म्हणाला, बाबा, आज तरी नको. मी विचारले, मग कोणत्या दिवशी? भारताकडून खेळताना चुकीचे बोललेले चालते का?

वल्लरी हसली आणि तिने जुन्या पैजेची आठवण करून दिली. ती दहावीत असताना मी सर्वांसमक्ष जाहीर केले होते की, ज्या दिवशी ही चारचौघांत एकही चूक न करता बोलेल, त्या दिवशी सोसायटीत घरोघर स्वतः जाऊन पेढे वाटीन. आबा, पेढे लक्षात आहेत ना, असे लिफ्टमधून ओरडली.

प्रेमला म्हणाली, म्हणजे यांचं मिठाईवाल्याकडे जाणं काही होत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी. दुपार.

उद्याचा सामना थायलंडशी. वल्लरीच्या प्रतिस्पर्धी मुलीचे तीन सामने मोबाइलवर पाहिले आणि सकाळभर बसून डावपेचांचे टिपण तयार केले. इंग्रजीचा आधार घेतला नाही. 'एस' या शब्दाला मी 'अस्पर्श' असा प्रतिशब्द घडवला आहे : ज्या आरंभीच्या फटक्याला प्रतिस्पर्ध्याचा स्पर्शही होत नाही तो. इतका नेमका शब्द इंग्रजांनाही सुचला नाही. टिपणाचा गाभा असा : 'प्रतिस्पर्धिनीच्या वामांगाकडे अस्पर्श साधावा, प्रत्युत्तर आखूड आल्यास जाळ्याकडे धावावे, आपला पृष्ठहस्त मात्र जपून वापरावा.'

वल्लरीला पाठवले. तासाभराने उत्तर आले की, आबा, वामांग म्हणजे जिथे बाम लावतात ते का? पुढे हसणारे चेहरे, अकरा. मोजले नसते, पण पूर्णविरामाच्या जागी होते.

उत्तरेश्वरला फोन केला. हा मूळचा लोणी काळभोरचा. खेळाडू म्हणून बरा होता असे म्हणतात. सर, पोरगी एकदम तयार हाय, तुम्ही फकस्त टाळ्या वाजवायच्या, असे तो मला म्हणाला. 'हाय' एक वेळ सोडून देता येईल. ती त्याची गावची बोली आहे. पण 'फकस्त' हे त्याने मुद्दाम वापरले. मागे एकदा मी त्याला या शब्दावरून टोकले होते, तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना तो शब्द हटकून घालतो.

टिपण पोहोचले का, या प्रश्नाला त्याने 'व्हय, व्हय, भिंतीवर लावलंय' असे उत्तर दिले. समाधान वाटले.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. रात्रीच्या जेवणापूर्वी.

वल्लरी जिंकली. सरळ दोन सेटमध्ये. (तृतीयपुरुषी 'जिंकली' शुद्ध आहे, हे वेगळे सांगायला नको.) आई-वडिलांना दोनच पास मिळाले होते, म्हणून मी घरी दूरदर्शनसंचासमोर बसून प्रत्येक चेंडूला सूचना दिल्या. प्रेमलाने स्वयंपाकघरातून विचारले, तिला ऐकू जातंय का हो? पुढची सूचना मी अधिक मोठ्याने दिली. दुसऱ्या सेटमध्ये तिने दोन अस्पर्श साधले, तेही वामांगाकडे. टिपण भिंतीवर असल्याचा हा पुरावा.

हा दिवस माझ्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचा ठरला असता. परंतु सामना संपल्यावर ध्वनिक्षेपक तिच्यापुढे धरण्यात आला, आणि सगळ्या महाराष्ट्रासमोर माझी नात म्हणाली, 'खूप मस्त फील होतंय. टीमने माझी खूप मदत केली. फायनली मी जिंकली.'

'माझी मदत केली.' हिंदीतून उचललेले. मराठीत मदत 'मला' करतात. 'फील होतंय.' आणि शेवटी, ज्याची भीती होती तेच.

कपाळाची शीर उडू लागली. गोळी घेतली. मग फोन लावला. अभिनंदन करण्यापूर्वी चूक दाखवली, कारण नंतर कोणी ऐकत नाही. तर ती म्हणाली, आबा, मॅच तर जिंकली ना?

हे वाक्य मी मनात तपासले. 'मॅच जिंकली' यात कर्म स्त्रीलिंगी, क्रियापद कर्माप्रमाणे, रचना शुद्ध. पण हा बचाव तिने अजाणता केला. जाणून केला असता तर मी तिचे कौतुक केले असते. तसे सांगितले. ती म्हणाली, आबा, जिंकली म्हणा नाहीतर जिंकले, स्कोअर सेमच राहतो.

स्कोअर सारखाच राहतो! पानिपतावर मराठे 'हरला' म्हटले काय आणि 'हरले' म्हटले काय, अब्दालीला फरक पडला नसता, म्हणून आपण इतिहास अशुद्ध लिहायचा का? हे वाक्य मला फोन ठेवल्यावर सुचले. उद्या तिला पाठवणार आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी.

पाठवले. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. सरावात असेल.

सोसायटीचा सेक्रेटरी पियुष याने 'वल्लरी चिअर गँग' नावाचा व्हॉट्सॲप समूह काढला आहे. त्याचा पहिलाच संदेश : 'वल्लरी तू जिंकुनच ये आम्ही सगळे तुझ्या पाठिशी आहोत'. 'जिंकून'मधील 'कू' दीर्घ, 'पाठीशी'मधील 'ठी' दीर्घ, संबोधनानंतर स्वल्पविराम, दोन वाक्यांच्या मध्ये पूर्णविराम, शेवटी आणखी एक. एका ओळीत पाच. दुरुस्त करून परत टाकले. त्यावर कोणी तरी अंगठा दाखवला, कोणी हात जोडले. दुपारनंतर समूहातील चर्चा एकदम थांबली. माझ्या एका संदेशाने लोक विचारपूर्वक लिहू लागले, असा अर्थ मी काढला.

प्रेमला म्हणाली, त्यांनी दुसरा ग्रुप काढलाय, मी आहे त्यात. छान चाललाय.

नम्रताला (सून) उद्या ऑफिसात महत्त्वाची बैठक आहे. तिचा पास मला मिळणार. उद्या कोरिया. भारताला खरी गरज आहे तेथे मी प्रत्यक्ष उपस्थित राहणार, हा योगायोग नव्हे.

संकल्प : कोर्टवर पूर्ण मौन.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळ.

इस्त्रीचा पांढरा सदरा. काठी. टोपी. प्रेमलाने पिशवीत पाणी, राजगिऱ्याचे लाडू आणि रक्तदाबाची गोळी ठेवली. निघताना विक्रमला बाजूला घेऊन काही तरी बोलली. 'यांना कडेची सीट देऊ नकोस' एवढेच ऐकू आले. माझ्या गुडघ्यांची तिला काळजी असते.

गुरुवार, संध्याकाळ.

टोपी न काढताच लिहायला बसलो आहे.

घटनाक्रम जसा घडला तसाच लिहून ठेवतो, कारण उद्या लोक तो आपापल्या सोयीने सांगतील.

सामना सुरेख चालला होता. एक सेट त्यांचा, एक आपला. आमच्या पाठीमागे वाघोलीच्या कुठल्याशा कॉलेजातील मुलेमुली बसली होती. वल्लरीच्या प्रत्येक गुणाला शिट्ट्या, आरोळ्या, पायांनी धडधड. पंचबाईंनी इंग्रजीतून विनंती केली. मग ध्वनिक्षेपकावरून मराठी निवेदन आले : 'प्रेक्षकांना विनंती, कृपया शांतता बनवून ठेवा.'

बनवून ठेवा.

पहिल्या वेळी मी डोळे मिटले. दुसऱ्या सेटमध्ये पुन्हा तेच निवेदन. विक्रमचा हात घट्ट धरला. बाबा, दुखतंय, असे तो म्हणाला तेव्हा सोडला. मौनाचा संकल्प मी तोपर्यंत अक्षरशः पाळला, हे नोंदवून ठेवतो.

तिसरा सेट. पाच-पाच. ड्यूस. सर्व्हिस वल्लरीची. मुलांनी पुन्हा गोंगाट केला आणि तिसऱ्यांदा, त्याच निर्विकार आवाजात, 'शांतता बनवून ठेवा.' गोंगाट थांबला. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. वल्लरीने चेंडू वर टाकला.

मी उभा राहिलो. उभे राहायचे असे ठरवले नव्हते. आधी पाय उठले. वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा माझा आवाज निवृत्तीनंतरही कायम आहे, हे मला आज कळले. मी म्हणालो, 'शांतता राखतात. बनवून ठेवतात ती साबुदाण्याची खिचडी.'

बस. एवढेच. दोन वाक्ये, दोन्ही निर्दोष.

वल्लरीने चेंडू न मारता तो खाली येऊ दिला आणि हातात झेलला. मागची मुले हसली; म्हणजे खरा गोंगाट त्यांचा. पंचबाई खुर्चीतून वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, सर, प्लीज सिट डाउन, धिस इज अ वॉर्निंग टु द होम क्राउड. आता, मला थेट उद्देशून 'सर' म्हटल्यावर उत्तर देणे सभ्यतेचे होते. मी त्यांच्याच भाषेत सांगितले, 'मॅडम, आय ॲम नॉट डिस्टर्बिंग. आय ॲम करेक्टिंग.' आणि 'बनवून' या क्त्वान्त-तुल्य रूपाचा हिंदी प्रयोगाशी संबंध थोडक्यात समजावू लागलो. विक्रम माझा सदरा खाली ओढत होता. शिवण उसवली.

पंचबाईंनी पुन्हा काही तरी म्हटले, आणि फलकावरील आकडे बदलले. या स्पर्धेत असा नियम आहे म्हणे की, यजमान प्रेक्षकांनी समज देऊनही व्यत्यय आणला तर यजमान संघाचा एक गुण जातो. वल्लरीने चेंडूला रॅकेटही न लावता गुण कोरियाला. हा कसला नियम? चूक करणारा निवेदक, ती दाखवणारा मी, आणि दंड नातीला. अशा नियमाने शाळा चालवली असती तर एकही मूल उत्तीर्ण झाले नसते.

वल्लरीने आमच्या दिशेने पाहिले. बराच वेळ. त्या वेळी मला वाटले की, ती आधार शोधते आहे. मी मान हलवून धीर दिला.

पुढच्या गुणाला तिचा बॅकहँड बाहेर गेला. सहा-पाच. मग सात-पाच. पृष्ठहस्त जपून वापरावा, हे टिपणात स्पष्ट लिहिले होते. भिंतीवर लावून उपयोग काय, वाचायला हवे.

तिच्या पराभवाने कोरियाशी लढतही गेली. आता शनिवारी इंडोनेशियाशी जिंकले तरच भारत वरच्या गटात राहतो.

परतताना गाडी विक्रम चालवत होता. सिंहगड रस्त्याच्या सिग्नलला मी म्हणालो, तो निवेदक बदलायला हवा. त्याने रेडिओ लावला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. सकाळ.

खाली फिरायला गेलो तर बाकांवरची मंडळी मोबाइल पाहत होती. मला पाहताच उठून उभी राहिली. कालच्या प्रसंगाची चित्रफीत सगळीकडे पसरली आहे म्हणे. 'खिचडी आजोबा' असे तिचे नाव. लाखो लोकांनी पाहिली. भाषेच्या प्रश्नाबद्दल समाजात एवढी आस्था आहे याची मला कल्पना नव्हती. पियुषने माझ्यासोबत छायाचित्र काढून घेतले आणि म्हणाला, आबा, एकदा ते करेक्टिंगवालं म्हणा ना. म्हणालो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. दोघांना हसू आवरेना, आनंदाचे असेल.

घरी येऊन प्रेमलाला सांगितले. ती म्हणाली, अहो, खालच्या प्रतिक्रिया वाचल्यात का? वाचायला घेतल्या. पहिल्या चाळीसमध्ये सत्तावीस ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघाल्या, त्यामुळे आशयाकडे लक्ष जाऊ शकले नाही. 'या म्हाताऱ्यामुळे मॅच घालवली' असे एकाने लिहिले आहे. कर्ता कोठे आहे? कोणी घालवली? कर्तृहीन आरोपांना मी उत्तर देत नाही.

शुक्रवार, दुपार.

संघाच्या (न खेळणाऱ्या) कर्णधार सुरुचीबाई यांचा विक्रमला फोन आला होता. विक्रमने गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन घेतला. आत येऊन म्हणाला, बाबा, उद्याचे पास संपले.

दोन पास, आई-वडिलांचे, ते कसे संपतील, असे मी विचारले. नम्रताचे उद्या ऑफिस बंद आहे, ती जाणार, असे तो म्हणाला. मग तू? मी जाणार. मग संपले असे म्हणू नये. 'तुमच्यासाठी नाही' असे म्हणावे. शब्द नेमका वापरावा.

त्याने मोबाइल खिशात घातला. मग नेमका शब्द त्याने वापरला. वल्लरीला उद्या खेळवायचे की नाही, हेच अजून ठरलेले नाही; ती काल रात्रभर झोपली नाही; आणि खेळवलेच, तर आजोबा स्टेडियममध्ये नसतील अशी कर्णधारांची अट आहे.

अट! माझ्यावर! मी त्या बाईंना त्याच क्षणी फोन लावणार होतो. प्रेमलाने माझा मोबाइल डाळीच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावून त्यावर हात ठेवून उभी राहिली. एवढी गंभीर तिला मी क्वचित पाहिली आहे. अहो, अकरा वर्षं ती पोर उन्हात खेळतेय, म्हणाली. काय ते एका शब्दासाठी.

एका शब्दासाठी. या घरात मला कोणी ओळखतच नाही.

शुक्रवार, दिवेलागण.

डब्यातून आवाज आला. मोबाइल बाहेर काढला तर वल्लरी.

मी आधी बोललो. म्हणालो, खेळाडूने पंचांचा निर्णय मनावर घेऊ नये. मीही घेतलेला नाही. मग बॅकहँडबद्दल बोललो. मग ती म्हणाली, आबा, ऐका. मी हरली. मी हरली. मी हरली. ऐकलंत? आता सुधारा.

मी 'हरले' असे म्हणालो. सवयीने. फोन आधीच बंद झाला होता, की त्या शब्दावर बंद झाला, हे निश्चित सांगता येत नाही.

प्रेमलाने विचारले, काय म्हणाली? तिला सांगितले की, नेटवर्क नव्हते.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळ.

बालेवाडीला न जाण्याचा निर्णय मी स्वतः घेतला आहे. गुडघा. शिवाय दूरदर्शनवर खेळ अधिक बारकाईने दिसतो. शिवाय पुलाच्या कामामुळे वाहतूक तुंबते. तिन्ही कारणे स्वतंत्रपणे पुरेशी आहेत.

विक्रम-नम्रता निघाली. विक्रम दारात थांबला, परत आला, पाया पडला. जिंकण्यासाठी नाही पडलो, असे म्हणाला. मग कशासाठी, हे सांगितले नाही. वाक्य अर्धे सोडण्याची ही सवय त्याला आईकडून लागली.

संकल्प : दूरदर्शनसंचासमोरही बोलणार नाही.

शनिवार, सायंकाळ.

ती खेळली. बाकीच्या दोन सामन्यांपैकी एक आपण जिंकलो, एक हरलो. सगळे वल्लरीवर आले. मी सोफ्यावर, प्रेमला खाली चटईवर. पहिला सेट गेला. मी बोललो नाही. दुसरा आला. बोललो नाही. तिसऱ्या सेटमध्ये निवेदकाने पुन्हा तेच केले, 'शांतता बनवून ठेवा', आणि वल्लरी चेंडू हातात घेऊन थांबली. प्रेक्षकांमध्ये एका जागी तिने पाहिले. माझी परवाची जागा. तेथे कोणी मुलगा बर्फाचा गोळा खात बसला होता. तिने चेंडू वर टाकला.

अस्पर्श.

मी प्रेमलाच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने तसाच राहू दिला. वामांगाकडे मारला होता की नाही, हे मला दिसले नाही. डोळ्यांत काही तरी गेले होते.

सहा-चार. सामना आपला, भारत वरच्या गटात. सगळ्या मुली एकमेकींच्या गळ्यात. उत्तरेश्वर कुंपणाला धरून रडत होता, आणि रडताना काय म्हणत होता ते सुदैवाने ऐकू आले नाही.

मग ध्वनिक्षेपक पुढे आला. मी आवाज कमी करायला सांगितले; प्रेमलाने वाढवला. आज काय वेगळं होतं, असे वार्ताहराने विचारले. वल्लरीने घाम पुसला, कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले, आणि एकेक शब्द असा सावकाश उच्चारला की, जणू माझ्या वर्गात फळ्यासमोर उभी आहे.

'आज प्रेक्षकांनी शांतता राखली. माझे आजोबा घरी होते. मी जिंकले.'

आणि नमस्कार करून निघून गेली.

प्रेमलाने दूरदर्शनसंच बंद केला. मग म्हणाली, चूक सापडली का हो?

मोबाइलवर ती फीत पुन्हा लावून घेतली. 'प्रेक्षकांनी शांतता राखली' : तृतीयान्त कर्ता, कर्म स्त्रीलिंगी, क्रियापद कर्माप्रमाणे. शुद्ध. 'राखली', 'ठेवली' नव्हे. 'माझे आजोबा घरी होते' : आदरार्थी बहुवचन. 'होता' म्हणता आले असते, 'होते' म्हणाली. शुद्ध. 'मी जिंकले.' शुद्ध.

पुन्हा ऐकले. उच्चारातही काही निघाले नाही. 'घरी होते' या शब्दांवर थोडा अधिक भार आहे, पण तो दोष नव्हे.

तेवढ्यात तिचा संदेश आला. 'आबा, पेढे?' संबोधनानंतर स्वल्पविराम, शेवटी प्रश्नचिन्ह. चेहरा एकही नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. प्रेमला म्हणाली, मी वाटून येते, तुमचा गुडघा. मी सांगितले की, शब्द मी दिला होता.

प्रत्येक दारात काय बोलायचे हे ठरवून निघालो होतो. हे पेढे विजयाचे नसून व्याकरणाचे आहेत, अशी सुरुवात. मग प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी रूपाबद्दल दोन शब्द. पहिले दार पियुषचे. त्याने पेढा तोंडात टाकला, आतल्या खोलीकडे वळून ओरडला, अगं, बाहेर ये, खिचडी आजोबा पेढे घेऊन आलेत, त्यांची वल्लरी जिंकली ना म्हणून.

'जिंकली', तृतीयपुरुषी. शुद्ध.

त्याची बायको बाहेर आली, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, काका, काल तुम्ही घरी होता ना, त्यामुळे बरं झालं.

मी डबा पुढे केला. शांतता राखली.